टेप दोन गार झाली का?

सरकारी नोकरीत मी एकच खोटं बोलले. तेही एका माणसासाठी, आणि अशा एका यंत्राबद्दल, जे जागेवर नव्हतंच. आता माझी चौकशी लावायची म्हटली तरी ज्यांनी लावायची तेही पेन्शनीत निघाले आहेत. तेव्हा सांगून टाकते.

नागपूरला एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर आमचं संगणक केंद्र होतं. विदर्भातल्या तलावांची पातळी आणि गावोगावचा पाऊस यांचे आकडे आमच्याकडे यायचे, आणि आम्ही त्यांचे तक्ते छापून द्यायचो. धानाला पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे त्या तक्त्यांवर ठरायचं. ऐकायला हे भारदस्त वाटतं, पण आकडे यायचे पोस्टकार्डावर. रामटेककडच्या एका तलावाचा चौकीदार आकड्याऐवजी 'पाणी बरंच आहे, काळजी नसावी' असं लिहायचा. मी तीनदा पत्र पाठवून फूट आणि इंच मागितले, तेव्हा त्याने कळवलं की खालून पाचवी पायरी बुडाली आहे, खात्री करायची तर येऊन पाहावं. मी गेले. पाचवी पायरी खरंच बुडालेली होती. तेव्हापासून त्याच्या पायऱ्यांचे फूट मीच करायला लागले.

आमचं जुनं मशीन म्हणजे खोलीभर लोखंड. कपाटाएवढे चार टेप ड्राइव्ह, भोकं पाडून हुकूम लिहिलेली कार्डं वाचणारं एक धूड, भिंतीइतका आवाज करणारा प्रिंटर, आणि मशीनशी बोलायला एक टाइपरायटर. मशीनला काही विचारायचं असलं की ते घंटी वाजवायचं, त्या टाइपरायटरवर आपणहून प्रश्न उमटवायचं आणि ऑपरेटर उत्तर टाइप करेपर्यंत गप्प बसायचं. खोलीत चपला चालत नसत. मोठमोठे इंजिनियर जीपमधून उतरून दारात बूट काढायचे, हात जोडायचे आणि मग आत यायचे. हात जोडायला आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं.

या मशीनचे ऑपरेटर मेश्रामजी. ते भरती झाले होते हमाल म्हणून, कार्डांची खोकी उचलायला. शिक्षण आठवीपर्यंत. पण खोकी उचलता उचलता कोणतं कार्ड कुठे जातं हे त्यांना कळायला लागलं, आणि दोन वर्षांत पदवीवाले ऑपरेटर अडले की त्यांनाच हाक मारायला लागले. आमचे प्रमुख देशकर साहेब. त्यांनी बरीच खटपट करून मेश्रामजींना ऑपरेटरचं पद मिळवून दिलं. छप्पन साली आईबापासोबत दीक्षा घेतलेला हा माणूस वर्षात हक्काने एकच सुटी मागायचा, दसऱ्याची, दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांना पाणी द्यायला. एरवी रविवारीसुद्धा मशीनकडे एक चक्कर असायची. काहून आले म्हणून विचारलं तर म्हणायचे, "इकडूनच जाऊन राहिलो होतो." ते राहायचे इंदोरा वस्तीत, आणि इंदोऱ्याहून कुठेही जायचं झालं तरी आमचं ऑफिस वाटेत लागत नव्हतं.

आता खोट्याचं मूळ. त्याला नागपूरचा मे महिना जबाबदार आहे. मी नोकरीला लागले त्याच उन्हाळ्यात वातानुकूलनाचं मशीन बंद पडलं. खिडक्यांना वाळ्याचे ताटवे लावले, त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवला, तरी दोन नंबरचा टेप ड्राइव्ह तापायचाच, कारण तो पश्चिमेच्या भिंतीला होता. आणि तापला की आकडे चुकीचे वाचायचा. एका तक्त्यात तर भर उन्हाळ्यात एका तलावाची पातळी त्याच्या बांधापेक्षा वर गेली होती.

मी नवीन होते, आणि जगातली प्रत्येक अडचण कार्डाने सुटते असा माझा समज होता. मशीनची जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, म्हणजे मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या आधी जागी होते आणि बाकीच्या प्रोग्रामना कामाला लावते ती, तिच्यातच मी हात घातला. तिची दोनेक हजार कार्डांची चळत होती. त्या चळतीत मी स्वतः भोकं पाडलेली सात कार्डं खुपसली. त्यानंतर दोन नंबरची टेप ठरावीक वेळा वाचून झाली की सिस्टीम सगळं काम थांबवायची, घंटी वाजवायची आणि टाइपरायटरवर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न विचारायची, 'टेप दोन गार झाली का'. मग मेश्रामजींनी उठायचं, ड्राइव्हच्या झाकणाला तळवा लावायचा, ताप असला तर ताटव्यावर पाणी मारायला सांगून थांबायचं, आणि गार लागलं की 'हो' टाइप करायचं. काम पुढे सुरू.

पुढच्या वर्षी वातानुकूलन दुरुस्त झालं. कार्डं मात्र तिथेच राहिली. मी वरच्या मजल्यावर बसायचे, नवीन प्रोग्राम लिहायचे, आणि त्या सात कार्डांना साफ विसरले. खाली मेश्रामजी तेराचौदा वर्षं रोज ड्राइव्हला हात लावून 'हो' म्हणत राहिले. त्यांना वाटायचं, मशीनची ही रीतच आहे.

मग ऐंशीच्या दशकात नवीन मशीन आलं. जुन्याच्या चौथाईएवढं आणि ताकदीने कितीतरी पट. ते बसवायला मुंबईहून कर्णिक नावाचा इंजिनियर आला. हुशार माणूस, पण आमची झणझणीत तर्री खाऊन पहिल्याच दिवशी आडवा झाला आणि त्यानंतर महिनाभर दहीभातावर राहिला. अडचण अशी होती की आमचे तक्त्यांचे प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचे. ते लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता, आणि जाताना एक ओळही लिहून ठेवली नव्हती.

कर्णिक म्हणाला, काळजी नको, नव्या मशीनच्या पोटात आपण जुनं मशीन तयार करू. हे मला आधी थापच वाटली. पण ते खरं होतं. समजा एकाच स्वयंपाकघरात चार सुना आहेत आणि प्रत्येकीला वाटतं, घर आपल्या एकटीचं. सासू एवढी बेरकी की चौघींची एकमेकींशी गाठच पडू देत नाही, आणि चूल क्षणाक्षणाला एकीपासून दुसरीकडे फिरवते. नव्या मशीनमध्ये अशी एक सासू होती. तिला सांगायचं, की बाई, एक मशीन हवं, इतकी मेमरी, चार टेपा, एक कार्ड वाचणारं, एक प्रिंटर, एक टाइपरायटर. ती म्हणायची, घ्या. प्रत्यक्षात यातलं काहीही नसायचं. टेपा म्हणजे डिस्कवरची जागा, टाइपरायटर म्हणजे टर्मिनलचा पडदा. पण आत जी सिस्टीम बसवायची तिला हे सगळं खरं वाटायचं. कागदोपत्री त्याला आभासी यंत्र म्हणत. आम्ही 'पोटातलं मशीन' म्हणायचो.

देशकर साहेबांना हे पटलं, पण ऑफिसच्या नियमांना पटेना. मेश्रामजींचं पद होतं 'जुन्या यंत्रावरील ऑपरेटर'. यंत्र भंगारात निघालं की पद संपलं, आणि त्यांना गोंदियाच्या गोदामात जावं लागणार होतं. त्यांच्या बायकोची नजर पार अधू झालेली. इंदोऱ्यातलं घर तिला पाठ होतं. कुठे चूल, कुठे माठ, कुठली पायरी उंच, सगळं हातांना ठाऊक. त्या घरात ती बिनधास्त वावरायची, घराबाहेर तिला एक पाऊल टाकता येत नसे. तिला गोंदियाला नेणं म्हणजे पुरती आंधळी करणं, आणि तिला इथे ठेवून एकट्याने जाणं मेश्रामजींना जमणार नव्हतं.

देशकर साहेबांनी वाट काढली. जुनी सिस्टीम पोटातल्या मशीनमध्ये चालली, तर जुनं यंत्र चालू आहे असं म्हणता येईल आणि पद राहील. पदांची तपासणी करायला एक गृहस्थ शुक्रवारी येणार होते. तोवर तक्ते छापून दाखवायचे. नाही जमलं, तर जुनी सिस्टीम बंद म्हणून कळवायचं आणि नवे प्रोग्राम बाहेरून लिहून घ्यायचे. सोमवार उजाडला होता.

जुन्या मशीनच्या शेवटच्या दिवसांत आम्ही सगळी कार्डं टेपवर उतरवून ठेवली होती. कर्णिकने आणि मी सोमवारी पोटातलं मशीन तयार केलं, त्याच्या नसलेल्या कार्ड वाचणाऱ्यातून ती दोन हजार कार्डं आत सोडली, आणि दुपारी चार वाजता जुनी सिस्टीम पडद्यावर जागी झाली. तिने नेहमीसारखी तारीख विचारली. मला इतका आनंद झाला की मी तारीखच चुकीची टाकली.

मंगळवारी तक्त्यांचा प्रोग्राम लावला. थोडा वेळ चालला आणि थांबला. परत लावला, परत तिथेच थांबला. टर्मिनलं दोनच होती, म्हणून कर्णिक पोटातलं मशीन सुरू करून द्यायचा, त्याचा पडदा सोडवून घ्यायचा आणि त्याच टर्मिनलवर दुसरं काम करायचा. आत काय चाललंय हे फक्त आकड्यांवरून पाहायचा. आकडे सांगत होते की आतलं मशीन निवांत बसलं आहे. बुधवारी आम्ही सगळं पुसून सिस्टीम पुन्हा पहिल्यापासून बसवली. पुन्हा तेच. गुरुवारी दुपारी कर्णिकने हात टेकले. म्हणाला, "मॅडम, तुमच्या जुन्या सिस्टीमला नवं मशीन मानवत नाही. साहेबांना सांगून टाकू."

मी उठून मागच्या खोलीत गेले. तिथे जुनं मशीन लिलावाची वाट पाहत उभं होतं, आणि मेश्रामजी फडक्याने त्याची धूळ पुसत होते. नव्या खोलीत त्यांना येता येत नव्हतं, कारण त्यांचं पद जुन्या यंत्रावर होतं आणि नव्या खोलीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. वीजही नसलेलं मशीन ते तीन दिवस पुसत बसले होते.

"मेश्रामजी, तक्ते अर्ध्यावर थांबतात," मी म्हटलं. "दरवेळी त्याच जागी."

"घंटी वाजली का बाई?"

"कोणती घंटी?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "मशीन विचारून राहिलं असन ना बाई. तुम्ही उत्तर देऊन नाही राहिले, तर थे बिचारं पुढं कसं जाईन?"

तेराचौदा वर्षांनी मला माझी सात कार्डं आठवली. भुईने पोटात घ्यावं असं वाटलं, पण नागपूरच्या सरकारी फरशीकडून तेवढ्या सोयीची अपेक्षा नव्हती. मी मेश्रामजींना हाताला धरून नव्या खोलीत नेलं. यादी गेली खड्ड्यात. दारात चपला काढून ते आत आले. मी पोटातल्या मशीनचा पडदा टर्मिनलवर परत जोडून घेतला. त्यावर एकच ओळ होती. टेप दोन गार झाली का.

कर्णिकने ती मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. "हे कोणी लिहिलंय?"

मेश्रामजींनी सवयीने उजवा हात पुढे केला आणि मध्येच थांबले. खोलीभर नजर फिरवून मला म्हणाले, "हात कुठं लावू बाई? टेप तर हायेच नाही."

"लावा कुठेही," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला, नव्या मशीनच्या कपाटाजवळ गेले, त्याच्या दाराला तळवा लावला, डोळे किंचित मिटले. "गार हाय," म्हणाले, आणि येऊन एका बोटाने 'हो' टाइप केलं. प्रिंटर धडधडायला लागला. रामटेककडच्या तलावाची पातळी पहिल्याच पानावर आली.

कर्णिक हसून हसून खुर्चीत बसला. मग मी सगळं कबूल केलं. तो म्हणाला, "एवढंच ना? मग काढून टाका. आत ना टेप आहे, ना ती तापणार."

काढायला अर्धा तासही लागला नसता. सात कार्डांच्या सात ओळी पुसायच्या, सिस्टीम नव्याने बसवायची, झालं. सिस्टीम मग कोणाला काहीही न विचारता सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपली आपण चालली असती. मेश्रामजी प्रिंटरमधून निघणारा कागद हळुवार धरून उभे होते.

"नाही काढता येत," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत ते सिस्टीमच्या मुळाशी गेलंय. तिथे हात लावला तर सगळंच कोसळेल."

कर्णिकने माझ्याकडे पाहिलं, मेश्रामजींकडे पाहिलं, आणि दहीभात खायला निघून गेला.

शुक्रवारी तपासणीचे गृहस्थ आले. नियमाला एकदम पक्के. देशकर साहेबांनी त्यांना पोटातल्या मशीनची गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "ते ठीक आहे. यंत्र कुठे आहे?"

"यातच आहे, साहेब."

"यात तर नवं यंत्र आहे. जुनं तुम्ही भंगारात लिहिलं आहे. जे दिसत नाही त्याला ऑपरेटर कशाला?"

तेवढ्यात प्रिंटर थांबला आणि पडद्यावर ओळ उमटली. गृहस्थांनी वाकून वाचली. "आता काय?"

"आता ते थांबलं, साहेब," मी म्हटलं. "ऑपरेटर हो म्हणेपर्यंत थांबणार."

त्यांचा विश्वास बसला नाही. घड्याळ काढून ते पडद्यासमोर बसले. चहा आला, थंड झाला. देशकर साहेबांनी हवापाण्याच्या चार गोष्टी काढून पाहिल्या. मशीन ढिम्म. शेवटी त्या गृहस्थांनाच राहवेना. मान वळवून त्यांनी मेश्रामजींना विचारलं, "अहो, टेप गार झाली का?"

मेश्रामजी गंभीरपणे उठले, कपाटाच्या दाराला तळवा लावला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. "झाली साहेब." 'हो' टाइप केलं. प्रिंटर सुरू झाला.

त्या गृहस्थांनी आपल्या अहवालात लिहिलं, 'यंत्र दिसत नाही. ऑपरेटरची आवश्यकता दिसते.' मेश्रामजी नागपुरात राहिले.

पुढे काम हलकं झालं आणि त्यांच्याकडे बराच वेळ उरायला लागला. मी सासूकडून त्यांच्यासाठी आणखी एक मशीन मागून घेतलं, शिकायला. पोटातल्या मशीनची गंमत ही, की बिघडलं तरी बाहेर काही होत नाही. पुसून टाका, परत बसवा. मेश्रामजींनी त्यात ती जुनी सिस्टीम किती वेळा बसवली असेल, देव जाणे. चष्मा लावून एकेक कार्ड पडद्यावर वाचायचे, अडले की वर यायचे. "बाई, हे कार्ड काहून हाय?" त्यांचे प्रश्न ऐकून मला घरी जाऊन पुस्तकं काढावी लागायची. आणि रोज न चुकता, मशीनने विचारलं की उठायचं, कपाटाला हात लावायचा, 'हो' म्हणायचं. अशी पाचेक वर्षं गेली.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी ठरवलं होतं की शेवटचा 'हो' सगळ्यांसमोर व्हावा. ऑफिसमधले सगळे जमले, हार आला, संत्राबर्फी आली. तक्ते लावले. आम्ही पडद्याकडे बघत उभे राहिलो. पानं निघत गेली. नेहमीची जागा गेली, तरी ओळ उमटेना. शेवटचं पान निघालं आणि सिस्टीमने काम संपल्याचं कळवलं. बाकीच्यांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बर्फीकडे वळले.

मी मेश्रामजींना बाजूला घेतलं. "काय केलंत?"

"सकाळी काढून टाकले बाई. साती."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्याच वर्षापासून. तुम्ही मले शिकायले मशीन देलं ना, त्यातून काढून पायलं. काहीच कोसळलं नाही."

"मग इतकी वर्षं रोज हात लावून हो काहून म्हणत राहिलात?"

"तुम्ही काढता येत नाही म्हणाल्या होत्या ना," ते म्हणाले. "मी काढलं असतं तर तुमची बात खोटी पडली असती. आता मी चाललो. माह्या जागी जो येईन, त्याले काहून बसवून ठेवता?"

मग त्यांनी खिशातून रबर लावलेली सात कार्डं काढून माझ्या हातात दिली. जुनं मशीन लिलावात जायच्या आदल्या दिवशी खोक्यातून काढून ठेवली होती म्हणाले. पिवळी पडलेली, वरच्या कडेला माझ्याच अक्षरात पेन्सिलीने 'टेप २'.

ती कार्डं माझ्या कपाटात आहेत. काढली की मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. माणसाला जागेवर ठेवायला मी खोटं बोलले, त्याचा पश्चात्ताप नाही, आजही बोलेन. पण जो माणूस दोन हजार कार्डांतून माझी सात शोधून काढतो आणि सिस्टीम न कोसळू देता ती उपसतो, तो प्रोग्रामर होता. मी वर देशकर साहेबांकडे जाऊन त्याच्यासाठी ते पद मागायला हवं होतं. भांडायला हवं होतं. मिळालं नसतं कदाचित, आठवीच्या कागदावर कोणी दिलं नसतं. पण मी मागितलंच नाही. पाच वर्षं मी त्यांना 'हो' म्हणायला बसवून ठेवलं, आणि वर आपण उपकार केले असं समजत राहिले. त्यांना हे कधी बोलले नाही.

त्या दिवशी हार हातात घेऊन ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, दोन पावलं टाकली आणि थांबले. परत आले, चपला काढल्या, आत येऊन नव्या मशीनच्या कपाटाला तळवा लावला.

"गार हाय बाई," म्हणाले, आणि इंदोऱ्याला गेले.